आमची वाटचाल : दोन ग्राइंडिंगच्या मधले ठोके

पत्र्याचे भाग कापणाऱ्या डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसणारे पोलादी साचे, आम्ही बनवतो. तारेच्या ठिणगीनं पोलाद कापणारं वायरकट मशीन आलं त्या रात्री मी घरी सांगितलं होतं, आता दहा वर्षं आपल्याला कोणी हात लावत नाही. प्रत्यक्षात चौदा महिने मिळाले. पंधराव्या महिन्यात तेच मॉडेल त्याच विक्रेत्याकडून दुसऱ्या एका टूलरूमनं, म्हणजे आमच्यासारख्याच डाय बनवणाऱ्या कारखान्यानं, घेतलं, आणि चालवायला आमचाच ऑपरेटर नेला. त्या टूलरूमचं नाव इथे लिहीत नाही. धंद्यातल्यांना कळेल, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

आम्ही दोघांनी सुरुवात केली, मी आणि मिस्त्री. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. माझ्याकडे डिप्लोमा आणि उसनं भांडवल, त्यांच्याकडे हात. यंत्रं म्हणजे एक सरफेस ग्राइंडर, एक म्हातारं मिलिंग आणि ड्रिल. मिस्त्रींचा मायक्रोमीटर मात्र वेगळ्या डबीत असे. त्याच्या थिंबलवरचे आकडे इतके झिजले होते की दुसऱ्या कोणाला वाचताच येत नसत. मला वाटतं, म्हणूनच त्यांनी तो बदलला नाही. ऑइलस्टोनचे, म्हणजे धार लावायच्या दगडांचे, सात-आठ तुकडे कापडात गुंडाळलेले, प्रत्येकाचा कोपरा वेगळ्या कामासाठी घासलेला. त्यांना कोणी हात लावला तर दिवसभर बोलणं बंद.

ट्रायलचा पहिला पीस निघाला की मी माप घ्यायला व्हर्नियर शोधायचो. मिस्त्री पीस उजेडाकडे तिरका धरून कापलेली कड बघायचे. चकाकती पट्टी रुंद दिसली, मध्येच दुसऱ्यांदा चमकली, की क्लिअरन्स, म्हणजे वरून कापणारा पंच आणि खालची डाय यांच्यातली फट, कमी. पट्टी अरुंद, कड गोलसर आणि खाली बर (पत्र्याची धारदार किनार) उभा असेल तर जास्त. पट्टी एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला बारीक असेल तर पंच सरकलाय. १ मिमीच्या साध्या पत्र्याला दर बाजूला ०.०५ मिमी क्लिअरन्स, म्हणजे साध्या कागदाच्या निम्मी जाडी. तेवढं ते कडेवरून सांगत. "माप नंतर घे, आधी कड वाच," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! नव्या मुलांना आजही सांगतो, मोबाइलवर कडेचा फोटो काढू नका, बोटांत धरून फिरवा.

आता मुख्य गोष्ट. एका मोठ्या ग्राहकानं "रेकॉर्डसाठी" म्हणून आमच्या डायची सगळी ड्रॉइंग मागितली. मी खुशीनं दिली, मोठ्या माणसानं मागितली याचंच अप्रूप. सहा महिन्यांनी ती ड्रॉइंग टायटल ब्लॉक, म्हणजे नावाचा चौकोन, बदलून त्या दुसऱ्या टूलरूमच्या टेबलावर होती. आमचीच, हे कशावरून? एका डॉवेलचं (प्लेटी जागेवर धरणाऱ्या पिनेचं) माप आमच्या कागदावर ०.५ मिमीनं चुकलेलं होतं. मिस्त्रींनी ते बेंचवर सुधारून घेतलं होतं, कागदावर कोणी सुधारलं नव्हतं. त्यांच्या पहिल्या डायमध्ये तो डॉवेल बसेना, म्हणून आमच्याकडून गेलेल्या ऑपरेटरनंच आमच्या फिटरला फोन करून विचारलं! हसू आलं, पण ऑर्डर तर गेलीच. आमच्या बऱ्याच खाली त्यांनी दर टाकला होता. त्या ग्राहकानं ड्रॉइंगबद्दल आजतागायत एक शब्द काढलेला नाही.

मग मी जे केलं ते कोणी करू नये. मीही दर उतरवला. त्यांच्याकडे तीन पाळ्या चालत, भाडं नव्हतं, एकाच प्रकारच्या डाय पुन्हा पुन्हा बनत, त्यामुळे त्यांचा खर्चच कमी होता. आमचा खर्च होता तेवढाच राहिला, फक्त दर खाली आला. कमी खर्च किंवा वेगळेपण, यातलं एक तरी धड पकडा, मध्ये अडकलात तर दोन्हीकडून मार खाल, हे मायकल पोर्टर नावाच्या प्राध्यापकानं १९८० सालीच मांडून ठेवलंय. मला ते कळलं तेव्हा ओव्हरड्राफ्ट संपला होता.

तूट कुठून तरी भरायची म्हणून हीट ट्रीटमेंटवाल्याला मी सांगितलं, डी-२ चं, म्हणजे आमच्या डायच्या पोलादाचं, टेम्परिंग एकदाच कर. १०२० अंशांच्या आसपास तापवून थंड करायचं, ते हार्डनिंग; मग पाचशेच्या वर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करायचा, ते टेम्परिंग. पहिल्या टेम्परिंगनंतर ब्लॉक थंड होताना आत नवं ठिसूळ मार्टेन्साइट (पोलादाची कठीण रचना) तयार होतं. ते दुसऱ्या टेम्परिंगनं शांत होतं, म्हणून ते दोनदा करायचं. पण हार्डनेस टेस्टरवर आकडा दोन्ही वेळा साठच्या आसपास येतो. म्हणजे ही चोरी दिसत नाही. मिस्त्रींनाही मी सांगितलं नव्हतं.

डाय गेली ती आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाकडे. चौथ्या आठवड्यात कोपऱ्यापासून तडा गेला. त्यांच्या टूल स्टोअरच्या इनचार्जांनी मला बोलावलं. मी माफीची वाक्यं जुळवून गेलो होतो. त्यांनी एक वही पुढे सरकवली. प्रेसच्या काउंटरवरून, प्रत्येक डायचे दोन ग्राइंडिंगच्या, म्हणजे धार लावण्याच्या, मधले ठोके. आमच्या जुन्या डाय, दुसऱ्यांच्या डाय, आणि ही.

"तुमची डाय महाग का घ्यायची, याचा हिशेब मी आठ वर्षं ठेवलाय," ते म्हणाले. "तुम्ही ठेवलाय का?"

आमच्याकडे एक ओळही नव्हती.

हिशेब साधा आहे. ५ मिमी सरळ लँड, म्हणजे घासून वापरता येणारी धारेखालची भिंत; धार नुसती बोथट झाली तर दर खेपेला ०.२ घासायचं, म्हणजे २५ ग्राइंडिंग. धारेचा तुकडा उडत असेल तर ०.५ घासावं लागतं, म्हणजे १०. त्याला मधल्या ठोक्यांनी गुणा आणि डायच्या किमतीला त्या आकड्यानं भागा, मग बोला कोण स्वस्त. त्यांच्या वहीत दुसऱ्यांच्या स्वस्त डाय महाग पडत होत्या. आमची शेवटची, दर उतरवून दिलेली, सगळ्यांत महाग.

ती डाय आम्ही फुकट नवी करून दिली. मिस्त्रींना खरं सांगितलं, ते दोन दिवस बेंचवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते पुठ्ठ्याची कार्डं घेऊन. तेव्हापासून आमच्याकडून गेलेली प्रत्येक डाय धार लावायला आमच्याकडेच यावी, अशी अट कोटेशनमध्ये असते आणि धार लावायचा दर मुद्दाम कमी. डाय आली की आधी कार्ड : ठोके किती, बर कुठे, किती घासलं, खाली शिम (उंची भरायची पातळ पट्टी) किती, स्लग (कापून पडणारा तुकडा) वर ओढला जातो का, पत्र्याची कॉइल कोणाची. नव्या डायचा क्लिअरन्स आता आम्ही पुस्तकातून घेत नाही. तशाच जुन्या डायची कार्डं काढतो.

दर पुन्हा वर नेला. दोन ग्राहक गेले, जाऊ दिले. नंतरच्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पगार वेळेवर झाले. वायरकट आता सगळ्यांकडेच आहे. त्या दुसऱ्या टूलरूमकडे तर आमच्यापेक्षा नवी मशीनं आहेत, आणि एक-दोन प्रकारच्या डाय ते खरोखर चांगल्या बनवतात. हे लिहिताना हात जड होतो, पण आहे ते आहे. आमचा ऑपरेटर त्यांनी नेला तेव्हा कार्डं नव्हती. नंतर आणखी दोघे गेले, पण कार्डांचं कपाट नेता येत नाही, आणि एकट्या माणसाच्या डोक्यात ती सगळी मावतही नाहीत.

मिस्त्री आता नाहीत. मायक्रोमीटर माझ्या खणात आहे. मला तो वाचता येत नाही.

मागच्या महिन्यात त्याच जुन्या ग्राहकाकडच्या नव्या साहेबांचं पत्र आलं. इनचार्ज निवृत्त झालेत, त्यांची वही कोणाला सापडत नाही. तेव्हा आमच्या सर्व कार्डांची प्रत संगणकात भरून द्यावी, रेकॉर्डसाठी. माणसं सज्जन आहेत. त्यांच्याच वहीतून ही कार्डं निघाली, हेही खरं. आमची पोरगी म्हणते, त्यांच्या डायची द्या, बाकीची नको. फिटर म्हणतो, एकही नको.

पत्र टेबलावर आहे. उत्तर अजून लिहिलेलं नाही.