दारातली गाडी आणि दंड

आज डेट्रॉईटमध्ये उणे १५. मी काचेवरचा बर्फ खरवडतोय आणि समोरचे आजोबा गाडी गरम व्हावी म्हणून ती चालू ठेवून, किल्ली आतच सोडून घरात कॉफी पितायत! पुण्याहून आलेली आई खिडकीतून बघत म्हणाली, "अरे, कुणी नेली म्हणजे?"

बरोबर ओळखलं तिनं. जानेवारी २०१७ मध्ये इथल्याच रोझव्हिल उपनगरात एका तरुणाला अशीच गाडी चालू सोडून गेल्याबद्दल १२८ डॉलरचा दंड झाला होता. गाडी रस्त्यावर नव्हती, मैत्रिणीच्या दारात होती! कोर्टातही तो हरला. पण इतका गाजावाजा झाला की त्याच वर्षी मिशिगन राज्यानं कायदा बदलला. आता खासगी जागेत चालतं. कोलोरॅडो राज्यात रिमोट स्टार्टला (किल्ली न लावता दुरूनच इंजिन सुरू करायला) मुभा आहे, किल्ली लावून निघून जायला नाही. मला हेच जास्त पटतं. स्वतःचं अंगण असलं तरी चोर पळाला की त्याच्यामागे पोलीस सगळ्यांच्या रस्त्यावरूनच धावतात ना!

आपल्याकडेही चालकाविना गाडी चालू सोडण्याविरुद्ध १९८८च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२६ आहे, पण ते सार्वजनिक जागेपुरतं. (पावती फाटलेली मी तरी पाहिली नाही.)

आईला एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या आजोबांना सांगून ये."