विकतची कणकण

एप्रिल महिना, पुणं, रात्रीचे दोन. पंखा बंद, अंगावर आईची जुनी गोधडी आणि आत मी दात वाजवत पडलेलो. शेजारी बायको पेपरची घडी करून वारा घेत होती. "अहो, लावू का एकवर तरी?" तिनं विचारलं. मी आतूनच नाही म्हणालो. "बरं," म्हणाली आणि उशी काखेत मारून हॉलमध्ये गेली.

लस आम्ही दोघांनी एकाच सकाळी, एकाच बाकावर बसून घेतली होती. लेकीचे दिवस भरत आलेले. तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचा डांग्या खोकल्याचा पहिला डोस दीड महिन्याचं झाल्यावर, आणि तोवर त्याला तो खोकला द्यायला घरातली मोठी माणसंच पुरतात. तेव्हा आजी-आजोबांनी आधी टोचून घ्यावं. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला अशी तिघांची मिळून एक सुई. आणि आलाच आहात तर फ्लूचीही. सिस्टरनं विचारलं, "काका, दोन्ही एकाच हातात देऊ का?" मी ऐटीत म्हणालो, छे, एकेका हातात द्या. त्या ऐटीचा अर्थ रात्री कळला. डाव्या कुशीवर वळलं की फ्लू, उजव्या कुशीवर धनुर्वात. तिरडीवर ठेवल्यासारखं उताणं पडून राहायचं.

दुखण्याचं मी समजू शकतो. पण या दुखण्याला घरात पतच नाही. एरवी ताप आला की आमच्याकडे मऊ भात होतो, वर मेतकूट-तूप, आवाज न करता दारं लावली जातात, टीव्हीचा रिमोट न मागता उशाशी येतो. सकाळी मी कण्हत स्वयंपाकघरात डोकावलो तर तव्यावर भाकरी. "मऊ भात नाही?" "आजारी कुठे आहात तुम्ही? पैसे मोजून आणलंय ते." ऑफिसला काय कळवायचं, हाही पेच. 'आजारी आहे' लिहिणं खोटं, 'बरा आहे' लिहिणं त्याहून खोटं.

शिवाय तिला काहीच झालं नव्हतं. त्याच सुया, तेच बाक. दंड थोडा ठणकतोय म्हणाली आणि त्याच दंडानं दुपारी माळ्यावरून पाळणा खाली काढला.

मग तिनं फोनवर काहीतरी वाचून दाखवलं. करोनाच्या लशींच्या चाचण्यांमध्ये काही जणांना लस नव्हेच, मिठाच्या पाण्यासारखं निरुपद्रवी काहीतरी टोचलं होतं, तरी त्यांतल्या सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकं दुखतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय अशा तक्रारी केल्या. वाचून झाल्यावर तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं थर्मामीटर लावला. शंभर पॉइंट चार. एवढा आनंद मला दहावीच्या मार्कांचाही झाला नव्हता.

माझ्या आईच्या काळी ही पुराव्याची भानगड नव्हती. तेव्हा गावात देवीची लस टोचणारे 'देवी डॉक्टर' यायचे. दंडावर लस लावून फिरकीसारखं हत्यार दाबून फिरवायचे आणि पुढचे आठ दिवस पोराच्या दंडाकडे सगळ्या आळीचं लक्ष. फोड आला, पिकला, पोर तापलं, की 'उठली' म्हणून सगळे निर्धास्त. नाही उठली तर पुन्हा टोचायची. ताप आणि फोड हीच पावती. माझ्या दंडावर अजून रुपयाएवढा व्रण आहे. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, त्यामुळे लेकीच्या दंडावर तसला व्रण नाही, फक्त बीसीजीचा लहानसा आहे. आता मात्र ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, असं मुळीच नसतं. बायकोलाही ती माझ्याइतकीच लागली असणार. हे मला डॉक्टरांनी सांगितलं आणि मी ते तिला दोन दिवस सांगितलं नाही.

एप्रिलात गोधडी का लागावी, हे मात्र मी त्यांच्याकडून नीट समजून घेतलं. लशीतलं विष मारलेलं असतं, पण पांढऱ्या पेशींना ते कुठे ठाऊक! त्या परकं काही दिसलं की रसायनं सोडतात, तो निरोप मेंदूत पोचतो आणि तिथला गिझरचा काटा कुणीतरी वर सरकवल्यासारखं होतं. शरीराला वाटतं, आपण गार पडलोय. मग ऊब आणायला स्नायू थडथडायला लागतात. म्हणजे बाहेर पुणं भाजून निघत असताना माझ्या मेंदूपुरतं महाबळेश्वर चालू होतं. पॅरासिटामॉलची गोळी तोच काटा खाली आणते.

दुपारी गोळी घेऊन पडल्यावर हाफकिन आठवले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा या माणसानं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत खपून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी चांगलंच दुखलं. त्याआधी पॅरिसमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लसही स्वतःवरच करून झाली होती, तेव्हाही ताप. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवरून मी शेकडो वेळा गेलोय, पण त्या नावामागे कण्हत पडलेला एक माणूस असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. त्यांना मऊ भात कोण देणार होतं, देव जाणे. मी हे बायकोला सांगितलं. "त्यांनी शोधली होती," ती म्हणाली, "तुम्ही नुसती टोचून घेतलीत."

नात मे महिन्यात झाली. दीड महिन्याची झाल्यावर तिची पाळी आली. दोन्ही मांड्यांत सुया, दंडात एक, वर तोंडात थेंब. संध्याकाळी अंग तापलं, डाव्या मांडीवर सुपारीएवढी गाठ. घर एकदम दबक्या पावलांनी चालू लागलं. मिक्सर बंद, कुकरच्या शिट्ट्या बंद, दारावरच्या बेलवर चिकटपट्टी. तिला कुणी म्हणालं नाही की पैसे मोजून आणलंय.

रात्री दोनला ती किरकिरायला लागली. लेक दमून झोपली होती, म्हणून मी उठलो. बायको नेहमीप्रमाणे तिला कुशीवर करून थोपटत होती आणि ती जास्तच कळवळत होती. "अगं, कूस नको," मी म्हणालो, "दोन्हीकडे दुखतंय तिला." उताणं ठेवलं. मुठी दोन बाजूंना सोडून ती छताकडे बघत राहिली, आणि मग झोपली. बायकोनं उठून पंखा एकवर केला, माझ्याकडे बघितलं, आणि बंद केला.