हायपो, ईडीटीए, क्लोरहेक्स आणि मधलं धुणं

रूट कॅनॉल करताना रोटरी फाईल (कॅनॉल खरवडणारी मशीनवरची बारीक कानस) कुठली घेतलीस, ॲपेक्स लोकेटर (मुळाचं टोक कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) कुठला यावर आम्ही डेंटिस्ट लोक तासन् तास बोलू शकतो, पण सिरिंजमधून कॅनॉलमध्ये, म्हणजे दाताच्या मुळातल्या नसेच्या पोकळीत, धुवायला जे जातं त्यावर फार कमी बोलतो आणि मला हे खरंच खटकतं, म्हणून आज त्यावरच लिहितेय. फाईल कॅनॉलच्या सगळ्या भिंतींपर्यंत पोचतच नाही. २००१ मध्ये मायक्रो-सीटीवर (अगदी बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) केलेल्या एका अभ्यासात ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भिंत फाईलने शिवलेलीच नव्हती असं दिसलं होतं. म्हणजे तिथले जंतू, तिथली सडलेली नस, हे सगळं काढायचं काम औषधाच्या पाण्याचं.

आणि एकच पाणी सगळं करू शकत नाही हीच तर अडचण आहे. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारतं आणि मेलेला टिश्यू विरघळवतं, पहिल्या महायुद्धात डेकिन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने जखमा धुवायला वापरलं ते हेच, फक्त त्याचं ०.५ टक्क्याचं होतं आणि आपण ३ टक्के, ५.२५ टक्के असं वापरतो. पण फाईल फिरवल्यावर भिंतीवर डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण भागाच्या) भुकटीचा जो थर बसतो, स्मिअर लेयर, त्यातला खनिजाचा भाग हायपोला निघत नाही, त्यासाठी १७ टक्के ईडीटीए लागतं, ते कॅल्शियम ओढून घेतं. तिसरं क्लोरहेक्स, म्हणजे क्लोरहेक्सिडीन २ टक्के, ते डेंटिनला चिकटून राहतं आणि बराच काळ जंतूंवर काम करत राहतं, पण टिश्यू अजिबात विरघळवत नाही. तिघंही आपापल्या जागी चांगली आहेत, फक्त एकमेकांना भेटता कामा नयेत.

हायपो आणि क्लोरहेक्सचं तर लगेच डोळ्यांनी दिसतं. क्लिनिकला नवीन मुलं शिकायला आली की मी काचेच्या डॅपन डिशमध्ये (छोट्या वाटीत) आधी हायपोचे दोन-चार थेंब टाकते आणि मग वरून क्लोरहेक्स सोडते, दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ असतात आणि थेंब पडल्या पडल्या तिथे विटकरी-नारिंगी साका तयार होतो, काडीने हलवला तर काचेला चिकटतो. पुसायला गेलं तरी पटकन निघत नाही. हेच कॅनॉलमध्ये झालं तर डेंटिनच्या बारीक नळ्यांची तोंडं बुजतात, सीलर (कॅनॉल बंद करायचं सिमेंट) नीट आत जात नाही आणि दात आतून तपकिरी पडू शकतो, पुढच्या दाताला तर ते बाहेरूनही दिसतं. २००७ मध्ये टोरांटोच्या बसरानी आणि सहकाऱ्यांनी या साक्यात पॅराक्लोरोॲनिलिन असल्याचं मांडलं, ते विषारी म्हणून सगळे घाबरले, मग पुढे एनएमआर (रेणूंची रचना ओळखायची पद्धत) वापरून ज्यांनी तपासलं त्यांना ते सुटं सापडलं नाही, वेगळीच संयुगं सापडली. हा वाद चालू राहू दे, माझ्या मते साका होतो आणि नळ्या बुजतात एवढंच तो टाळायला पुरेसं कारण आहे. त्याच २००७ च्या कामातली मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ०.०२३ टक्के इतक्या पातळ हायपोनेसुद्धा २ टक्के क्लोरहेक्सचा रंग बदलला होता. म्हणजे सक्शन लावलं, पेपर पॉइंट (ओलावा टिपायची कागदी काडी) फिरवला, झालं, असं नाही चालत, भिंतीवर राहिलेला ओलावाही पुरतो.

ईडीटीए आणि हायपोचं मात्र काहीच दिसत नाही आणि म्हणूनच मला ते जास्त धोक्याचं वाटतं. दोन्ही मिसळली की थोड्या वेळात हायपोमधला कामाचा क्लोरीन जवळजवळ संपतो, ईडीटीए आपलं कॅल्शियम काढायचं काम करत राहतं, पण हायपोचं टिश्यू विरघळवणं बंद. रंग तोच, वासही थोडाफार तोच, आपल्याला वाटतं हायपो चाललंय आणि प्रत्यक्षात आत नुसतं पाणी फिरतंय. काही जण हायपो-ईडीटीए-हायपो-ईडीटीए असं भराभर आलटून पालटून मारतात, त्यांनी याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. सायट्रिक ॲसिड असेल तर क्लोरीन वायूच सुटतो, घरी बाथरूम धुताना ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका म्हणतात त्याचं कारणही हेच.

क्लोरहेक्स आणि ईडीटीए एकत्र आले तर पांढरा दुधी साका, तो क्षाराचा असतो, विषारी वगैरे नाही, पण कॅनॉलमध्ये तोही नकोच.

उपाय म्हटला तर साधाच, दोन औषधांच्या मधे भरपूर धुणं. इथे सलाईन की डिस्टिल्ड वॉटर हा प्रश्न येतो, तर क्लोरहेक्स वापरणार असाल तर डिस्टिल्ड वॉटर घ्या, कारण सलाईनमधल्या मिठानेही क्लोरहेक्सचा क्षार खाली बसू शकतो. आणि धुणं म्हणजे सुई कॅनॉलच्या तोंडाशी धरून पिचकारी मारणं नाही, ३० गेजची साइड व्हेंट सुई (बारीक, बाजूला छिद्र असलेली), कॅनॉलमध्ये न अडकता, टोकाच्या जरा अलीकडे आणि हळू. प्रत्येक सिरिंजवर वेगळ्या रंगाची पट्टी लावा, ट्रेवर सगळी पाणी सारखीच दिसतात आणि संध्याकाळच्या गर्दीत असिस्टंटने कुठली हातात दिली ते बघायलाही वेळ नसतो.

मी स्वतः आता बहुतेक केसेसमध्ये क्लोरहेक्स काढूनच टाकलंय. फाईलिंग चालू असताना सगळा वेळ हायपो, मग पाणी, मग ईडीटीए साधारण मिनिटभर (जास्त ठेवलं तर डेंटिन झिजतं), परत पाणी, कोरडं करून जीपी (गटापर्चा, कॅनॉल भरायचा रबरासारखा पदार्थ). हायपोची ॲलर्जी असेल किंवा रूटचं टोक उघडं असेल तेव्हाच क्लोरहेक्सचा विचार करते, आणि तेव्हाही मधे धुऊन.

पेशंटलाही सांगते मी काय चाललंय ते. परवा एक काका रबर डॅमच्या (दाताभोवती लावतात त्या रबरी पडद्याच्या) आडून कसंबसं म्हणाले, डॉक्टर, टिळक टँकवर पोहायला आल्यासारखा वास येतोय, म्हटलं काका, बरोबर ओळखलंत, क्लोरीनच आहे, तो येतोय म्हणजे औषध जिवंत आहे. तसा नुसत्या वासावरही भरवसा ठेवू नका, हायपो उन्हात, उजेडात, उघड्या झाकणाने ठेवलं की उतरत जातं, पुण्याच्या एप्रिल-मे मध्ये खिडकीजवळच्या कपाटातली बाटली तर फारच पटकन, त्यामुळे लहान गडद बाटल्या आणा, उघडल्याची तारीख मार्करने लिहा आणि फ्रीजमध्ये ठेवा. एटिड्रोनेट नावाचा एक सौम्य चेलेटर (ईडीटीएसारखा कॅल्शियम ओढणारा) आहे तो हायपोमध्ये मिसळून वापरता येतो, क्लोरीन लगेच मारत नाही, फक्त ताजा कालवून तासाभरात संपवायचा, ते कोणी रेग्युलर वापरत असेल तर खाली लिहा, मला त्याबद्दल अजून विचारायचंय.