चार पिना

दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. मॅरेथॉनचा टी-शर्ट हातात आला आणि बोटाला बारीकसं टोचलं. बघते तर छातीवर चार पिना, चार कोपऱ्यांना. मधला नंबर कधीच काढून फ्रिजवर लावलाय. पिना हरवू नयेत म्हणून मीच परत जागच्या जागी टोचून ठेवल्या असणार आणि विसरले. तीन आठवड्यांत टी-शर्ट दोनदा मशीनमधून फिरून आला. एका पिनेखाली गंजाचा तांबूस ठिपका पडलाय. लिंबू-मीठ लावून बघेन, पण जाणार नाही.

नंबराला बिब म्हणायचं, हे मला पन्नाशीत कळलं. मुंबईत तो घ्यायला स्वतः जावं लागतं. ओळखपत्र दाखवायचं, रांग धरायची, मग लिफाफ्यातून बिब आणि चार पिना मिळतात. गोव्यातल्या फोंड्याहून आम्ही अकराजणी होतो, सगळ्या अर्ध्या मॅरेथॉनच्या, म्हणजे २१.०९७ किलोमीटरवाल्या. शुक्रवारी संध्याकाळी मडगावहून कोकणकन्या धरली. ही मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे बहुतेक वेळा पौषातच येते. आमच्या वाड्यावर तेव्हा मांडावर, म्हणजे वाड्याच्या नाचाच्या अंगणात, धालो चालू असतात, बायकांची रात्रीची गाणी आणि नाच. निघताना शेजारच्या काकींनी विचारलंच, ‘धालो सोडून मुंबय धांवपाक वता गो?’ यावर काय सांगायचं? मी पिशवी उचलली.

शनिवारी रात्री दादरच्या लॉजवर पिना लावायचा मोठा कार्यक्रम झाला. बिबच्या मागे वेळ मोजणारी चिप चिकटवलेली असते. ती दुमडायची नाही, तिच्यातून पिन घालायची नाही, एवढ्या दोनच सूचना. पण अकरा बायका आणि चव्वेचाळीस पिना एका खोलीत आल्यावर सूचना कोण वाचतो! गणिताच्या बाईंनी वितीने माप घेऊन बिब मधोमध आणला. मेडिकलवाल्या वहिनींना तो पोटावर हवा होता, कारण छातीवर लावला की फोटोत जाड दिसते म्हणे. आमच्यातली सगळ्यात धाकटी पंचविशीची. तिने विचारलं, ‘पिना कमी पडल्या तर?’ दोन क्षण कुणी बोललं नाही. मग एकेकीने मंगळसूत्र पुढे ओढलं, बांगड्या वर सारल्या, पर्सची चेन उघडली. तीसेक पिना आमच्याकडे घरच्याच निघाल्या.

पिनेच्या बाबतीत मी जरा खुळी आहे. ती उभीच हवी, डोकं वर, टोक खाली. आडवी पिन दिसली की मला चैन पडत नाही. लग्नात नवरीच्या पदराची पिन तिरकी दिसली आणि मी जेवायच्या पंगतीतून उठून सरळ करून आले, असं घडलेलं आहे. त्या रात्रीही सगळ्या झोपल्यावर मी खुर्च्यांवर टांगलेल्या अकरा टी-शर्टांच्या पिना मोबाईलच्या उजेडात तपासल्या. चार जणींच्या बदलल्या. सकाळी कुणाला कळलं नाही.

हे आईकडून आलेलं. तिच्या मंगळसूत्रात दोन-तीन पिना कायम लोंबत असायच्या. पायातला काटा काढायला पिन, परकराची नाडी ओवायला पिन, चपलेचा पट्टा तुटला की पिन. आणि ती लावायची अशी की कापडाच्या आत गुडूप. ‘पिन दिसूंक जायना,’ म्हणायची. सातवीत असताना तिच्याबरोबर पणजीला जाणाऱ्या बसमध्ये उभी होते. मागचा माणूस गर्दी नसलेल्या बाजूनेही रेलत होता. आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मंगळसूत्रातली एक पिन सोडवली, उघडली आणि माझ्या हातात दिली. पुढचं मला कुणी शिकवावं लागलं नाही. बाणस्तारीला तो उतरून गेला. पिन आईने पुसून परत घेतली.

शाळेत मात्र ह्याच पिनेने दगा दिला. पी. टी. उषाचे दिवस होते ते. १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांत तिचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, आणि शाळाशाळांतून पोरी धावायला लागल्या. (त्याच ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदाच झाली, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी बेचाळीस किलोमीटर म्हणजे फोंड्याहून कुठपर्यंत, एवढाच हिशेब केला असता.) खेळांच्या दिवशी शंभर मीटरला माझ्या स्कर्टच्या कमरेची पिन निम्म्यात उघडली आणि भसकन आत गेली. मी एक हात कमरेवर ठेवून शेवटपर्यंत धावले. शेवटची आले. सरांना वाटलं पोटात कळ आली. घरी आईने स्कर्ट उलटा करून पाहिला. ‘आडवी लावली होतीस,’ एवढंच म्हणाली.

आता बॉस्टनचं. हे मला गणिताच्या बाईंनी फर्मागुडीचा चढ चढताना सांगितलं. पहाटे पाच-सव्वापाचची वेळ, पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू खालून कुठूनतरी येतोय, आणि ह्या बोलताहेत. चढावर बोलता आलं तरच वेग बरोबर, असा त्यांचा नियम. त्यामुळे जगाचा बराचसा इतिहास मी धापा टाकत ऐकलाय. तर १९६७ साली कॅथरिन स्वित्झर नावाच्या विशीतल्या मुलीने बॉस्टन मॅरेथॉनला नाव दिलं, ‘के. व्ही. स्वित्झर’ असं. मुलगी असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. नंबर मिळाला २६१. धावताना संयोजकांपैकी एका गृहस्थाने ती बाई आहे हे पाहिलं आणि मागून येऊन तिचा नंबर ओढायला लागला. तिच्याबरोबर धावणाऱ्या मित्राने त्याला ढकलून दिलं. ती शेवटपर्यंत धावली. बायकांना तिथे रीतसर प्रवेश मिळायला १९७२ उजाडलं. पुढे २०१७ला, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ती तोच २६१ लावून बॉस्टनला परत धावली.

बाईंना ह्यातून मला बरंच काही सांगायचं होतं. मी विचारलं, ‘नंबर कशाने लावला होता?’ त्या वैतागल्या. पण मला खरंच तेच आठवत राहिलं. धडधाकट पुरुषाने ओढूनही तो नंबर त्याच्या हातात गेला नाही. उभ्या लावल्या असणार.

मुंबईत अंधारातच माहीमहून सुटलो. थोड्याच वेळात सी-लिंक. एरवी ह्या पुलावर पायी कुणाला सोडत नाहीत. वारा समोरून होता. हजारो माणसं, पण बोलणं फारसं नाही. बुटांचा आवाज, आणि त्याच्या वर दुसरा एक, आधी मला कळेना कसला. सगळ्यांचे बिब फडफडत होते. मांडावरच्या पताकांसारखे. मी छातीवर हात ठेवून पाहिला, चारही जागेवर.

पेडर रोडच्या चढाचं आम्हाला इतकं भय घातलं होतं! आमच्या फर्मागुडीपुढे तो काहीच नाही. तिथे एक गुजराती आजी फुटपाथवर खुर्ची टाकून स्टीलची थाळी वाजवत होत्या, नातवाच्या हातात संत्र्याच्या फोडी. दोन फोडी घेतल्या. मरीन ड्राइव्ह मात्र संपता संपेना. २ तास ५३ मिनिटं लागली. अकराही जणी पोचल्या, मेडिकलवाल्या वहिनी सगळ्यात आधी.

सेफ्टी पिन मुळात कुणी बनवली ते मी मागाहून शोधलं. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली. १५ डॉलरचं कर्ज होतं, म्हणून तार वाकवून बघितली आणि हक्क ४०० डॉलरना विकून टाकले. असा माणूस आमच्या घरात असता तर आईने काय म्हटलं असतं ते इथे लिहिता येत नाही.

आई गेली त्या रात्री हॉस्पिटलच्या नर्सने एक पाकीट आणि एक कागद बाबांपुढे ठेवला. अंगावरच्या वस्तूंची यादी. मंगळसूत्र १, बांगड्या २, कुड्या २. त्याखाली त्याच अक्षरात, सेफ्टी पिन ३. बाबांनी चष्मा लावला. पाकीट टेबलावर रिकामं केलं, पिना मोजल्या आणि सही केली.

त्या तीन घरी आणून मी डब्यात टाकल्या. ह्या चारही आता त्यातच टाकल्या. कुठली कोणाची ते सांगता यायचं नाही.