पान ११२ पर्यंतचं मत

"सध्या काय वाचतोयस?" हा प्रश्न मला कित्येक वर्षं नकोसा वाटायचा. वाचत तर असायचोच. पण पुढचा प्रश्न "कसं आहे?" हा असायचा आणि त्याला माझं ठरलेलं उत्तर होतं, "छान आहे. वाच." एवढंच. तीनशे पानं डोळ्यांखालून गेलेली असली तरी हातात उरायचे हे तीन शब्द.

दीड वर्षापूर्वी ताईने खूळ काढलं. ती, तिचा मुलगा, माझा एक जुना मित्र आणि मी, अशा चौघांनी रविवारी रात्री फोनवर जमायचं आणि हातातल्या पुस्तकाबद्दल बोलायचं. अट एकच, पुस्तक संपलेलं नसावं. संपल्यावर काय, सगळेच शहाणे होतात, असं तिचं म्हणणं.

पहिल्या रविवारी मी मलपृष्ठावरचा मजकूर जरा फिरवून सांगितला. भाच्याने तिथेच पकडलं. "मामा, हे मागच्या कव्हरवर छापलंय." दुसऱ्या रविवारी मी गोष्टच सांगत सुटलो. बराच वेळ ऐकून घेतल्यावर मित्र म्हणाला, "हे पुस्तकात आहेच रे. तुझं काय त्यात?"

माझं काय? मग पेन्सिल घेऊन बसायला लागलो. जे आवडेल त्याखाली रेघ. आठवड्याभरात निम्मं पुस्तक रेघांनी भरलं आणि रविवारी उघडून पाहिलं तर त्या का मारल्या तेच आठवेना. पेन्सिल बंद केली. त्याऐवजी पुस्तक मिटताना, दिवा मालवण्याआधी, वहीत पानाचा आकडा टाकून एकच वाक्य लिहायचं ठरवलं. त्यात "छान", "अप्रतिम", "ओघवती" हे शब्द यायचे नाहीत. पहिले काही दिवस वाक्यच सुचेना, एवढी त्या शब्दांची सवय.

तेव्हा मी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचत होतो. वहीत पहिली नोंद आहे, "पान ३८. टिळकांचा भयंकर राग येतोय." टिळक म्हणजे त्यांचे पती, रेव्हरंड टिळक. ते न सांगता घरातून निघून जातात, आणि पुढे १८९५ साली बायकोला कल्पना नसताना ख्रिस्ती होतात. त्यानंतरची नोंद, "पान ११२. राग मला येतोय. बाईंना नाही. त्या हसवतायत." हे दुसरं वाक्य रविवारी वाचून दाखवलं आणि पहिल्यांदाच फोनवर वादावादी झाली. ताई म्हणाली, त्यांना राग नाही असं कसं म्हणतोस, हसत सांगणं हीच त्यांची रागवायची तऱ्हा आहे. मित्राचं म्हणणं, इतक्या वर्षांनी मागे वळून लिहिताना राग विरलेला असणार. मला दोन्ही पटेना. पण मी पुढची पानं हा प्रश्न मनात धरून वाचली, आणि असं वाचन मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

सहज आठवलं म्हणून सांगतो. हे पुस्तक मुळात चार भागांत आलं, १९३४ पासून पुढे. म्हणजे त्याच्या पहिल्या वाचकांना अर्धवट वाचूनच बोलावं लागलं असणार.

मात्र खरी फजिती झाली ती विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'च्या वेळी. १८५७ साली दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या धामधुमीत थेट झाशीच्या वेढ्यात सापडतो. वाचताना मी हरखून गेलो होतो. रविवारी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आपल्या जुन्या भटजींची भाषा इतकी सफाईदार असेल असं वाटलं नव्हतं. जणू लेखनाचा सराव असलेला माणूस."

मित्र शांतपणे म्हणाला, "तुझ्याकडे कोणती प्रत आहे?"

मी पुस्तकाची सुरुवातीची पानं उघडली. ती मी नेहमी ओलांडून जायचो. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक पहिल्यांदा छापलं तेव्हा त्यात काटछाट केली होती, भाषाही घासूनपुसून घेतली होती. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. मित्राकडे तो होता, माझ्याकडे वैद्यांच्या पाठाची जुनी प्रत. त्याने एक प्रसंग मुळातून वाचला, तोच मी माझ्या प्रतीतून. ज्या सफाईचं मी कौतुक केलं होतं ती बरीचशी संपादकाची निघाली. भाचा खो खो हसला. मीही हसलो, पण कान तापले होते.

त्या रात्रीची नोंद जरा लांबली. "भाषेबद्दलचं मत मागे. माणसाबद्दलचं कायम." कारण लुटालूट, उपासमार आणि डोळ्यांदेखत माणसं मरताना पाहूनही गोडसे भटजी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परततात, तो हट्ट कुणा संपादकाचा नव्हे. आता नवं पुस्तक हाती आलं की आधी कोणती आवृत्ती, कुणी संपादित केलेली, हे पाहतो. तीच पानं सगळ्यात कंटाळवाणी असतात, त्याला इलाज नाही.

मधल्या काळात आणखी एक नियम करावा लागला. भाच्याने भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी 'कोसला' हाती घेतली. १९६३ सालचं पुस्तक, पण पहिले तीन रविवार तो तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या, हॉस्टेलच्या गमतीच सांगत होता. स्वतःही प्रत्येक वाक्यात "उदाहरणार्थ" आणि "वगैरे" घालायला लागला होता. आम्ही तिघांनी ते पूर्वीच वाचलेलं. ताई न राहवून म्हणाली, "थांब, पुढे कळेल." तो एवढा चिडला की फोन ठेवून दिला. बरोबरच होतं त्याचं. म्हणून ज्याने वाचलंय त्याने "पुढे बघ" म्हणायचं नाही, सूचक हसायचंही नाही. हे दुसरं फार अवघड, फोनवरसुद्धा कळतं.

चौथ्या रविवारी त्याची पाळी आली तर तो गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामा, मी त्या भागापर्यंत आलो." कोणत्या, ते इथे सांगत नाही. आम्ही कुणी काही विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला की आधीची हॉस्टेलची पानं पुन्हा वाचली आणि आता तिथे हसू येत नाही.

उद्या रविवार. स्मृतिचित्रे पुन्हा काढलंय, या वेळी ताईचं मत तपासायला. पान ३८ वर आहे. टिळकांचा राग तेवढाच येतोय.