इंजिन माझं, रूळ तुझे

मालगाडी दिसली की डबे मोजायचे, ही खोड काही सुटत नाही. इंग्लंडच्या वेस्टबरी स्टेशनावर उभा होतो. माझ्या गाडीला अवकाश होता आणि समोरून दगडाची गाडी चालली होती, अगदी सावकाश. चोविसाव्या डब्यापाशी शेजारच्या बाईंनी वेळ विचारली आणि हिशेब कोलमडला. पण इंजिनाचा नंबर तेवढा टिपला होता. सुरुवात 59 ने, म्हणजे क्लास 59 या जातीचं. म्हणजे हे इंजिन कधीकाळी दगडवाल्याचं किंवा वीजवाल्याचं, त्याच्या स्वतःच्या मालकीचं.

गोष्ट सॉमरसेटमधल्या मेरहेडच्या खाणीची. मेंडिपच्या टेकड्यांमधली चुनखडी फोडायची आणि रस्त्यांसाठी, काँक्रीटसाठी लंडनकडे धाडायची, हा फॉस्टर योमन कंपनीचा धंदा. दगड तयार, गिऱ्हाईक तयार, पण ब्रिटिश रेलचं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सरकारी रेल्वेचं, इंजिन आज नादुरुस्त, उद्या बघू. अशा वेळी माणूस तक्रारीची पत्रं लिहितो. यांनी इंजिनंच विकत घेतली! खाणीच्या आवारात शंटिंगसाठी 1980 सालचं एक अमेरिकी इंजिन होतं, ते कुरकुर न करता राबत होतं. तेव्हा त्याच जनरल मोटर्सच्या दारात गेले आणि 1986 च्या जानेवारीत चार नवी इंजिनं बोटीतून उतरली. डबे खासगी असणं जुनंच होतं, पण ब्रिटिश रेलच्या मुख्य मार्गावर रोज धावणारं खासगी इंजिन हे पहिलंच.

गंमत म्हणजे चालवणार कोण, तर ब्रिटिश रेलचाच ड्रायव्हर. घोडा आपला, लगाम दुसऱ्याच्या हातात आणि रस्ताही त्याचाच. भाड्याच्या घरात स्वतःचं झुंबर टांगावं, तसलाच हा व्यवहार. पण झुंबर काय पेटलं म्हणता!

त्याचं मर्म चाकांत आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, दोघांचा स्पर्श जेमतेम नाण्याएवढ्या जागेत, आणि मागे हजारो टन. पाऊस पडलेला, चढ लागलेला, की चाक जागच्या जागी गरगरतं. मग ताकद कमी करायची, आणि ताकद कमी केली की गाडी बसते. या इंजिनाच्या पोटाखाली एक रडार आहे. ते खालच्या जमिनीकडे बघत खरा वेग मोजत राहतं आणि चाकं त्या वेगापेक्षा किंचित जास्त फिरू दिली जातात. म्हणजे थोडं घसरू द्यायचं, मुद्दाम. पकड सर्वांत घट्ट बसते ती त्या किंचित घसरण्यातच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं. पण 3300 अश्वशक्तीचं एकटं इंजिन चार हजार टनांहून जास्त दगड ओढतं, ते याच जोरावर.

26 मे 1991 ला तर दोन इंजिनं लावून 11,982 टनांची गाडी काढली. लांबी दीड किलोमीटरहून जास्त. युरोपातला विक्रम झाला, आणि गाडीच्या मधोमध कपलिंगही तुटलं. इंजिनं हटली नाहीत, साखळीच हरली.

शेजारच्या खाणवाल्यांनीही, म्हणजे एआरसी कंपनीने, 1990 मध्ये चार घेतली. त्यांची नावं: 'व्हिलेज ऑफ व्हॉटली', 'व्हिलेज ऑफ मेल्स', 'चँट्री' आणि 'ग्रेट एल्म'. सगळी खाणीच्या आसपासची गावं. ज्या गावाशेजारचा डोंगर रोज थोडा थोडा उचलून न्यायचा, त्याच गावाची पाटी इंजिनावर. याला कृतज्ञता म्हणावी की निगरगट्टपणा, मला ठरवता आलेलं नाही.

मग आली नॅशनल पॉवर ही वीज कंपनी. तिने 1994-95 मध्ये सहा निळी इंजिनं घेतली, ड्रॅक्सच्या वीजकेंद्राला कोळसा पोचवायला. आणि चुनखडीसुद्धा, कारण कोळशाच्या धुरातलं गंधक धुऊन काढायला चुनखडीच लागते. फॉस्टर योमनने 1989 मध्ये घेतलेलं पाचवं धरून एकूण पंधरा. 1998 मध्ये ती निळी सहा एका मालवाहतूक कंपनीने घेतली. त्याच सुमारास तिने मागवलेली अडीचशे नवी इंजिनं याच घाटाची होती. आज ब्रिटनभर दिसणारी क्लास 66 ही याच चेहऱ्याची धाकटी भावंडं.

30 सप्टेंबर 2024 ला ब्रिटनमधलं शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र बंद झालं. निळ्यांनी त्याच्या बरंच आधी कोळसा सोडून दगड धरला होता. फॉस्टर योमनचं एक तर 1997 मध्ये जर्मनीला गेलं आणि 2014 मध्ये परत आलं. खाणवाल्यांची बाकीची इंजिनंही 2019 मध्ये फ्रेटलायनर या वाहतूक कंपनीकडे गेली. म्हणजे दगडवाल्याने पुन्हा इंजिन दुसऱ्याचंच धरलं.

शेवटच्या डब्याचा लाल दिवा लुकलुकत वळणाआड गेला. बाईंना वेळ सांगितली. "किती होते?" त्यांनी विचारलं. मला वाटलं डबे विचारतायत. चाळीसेक असतील, म्हणालो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना किती वाजले होते तेच पुन्हा हवं होतं.