लिस्बन ते माद्रिद: जाताना दोन तास वीस, येताना वीस मिनिटं

लिस्बन ते माद्रिद हवाई अंतर जेमतेम 500 किलोमीटर. रस्त्याने गेलात तर सव्वासहाशेच्या आसपास. विमानाची वेळ साधारण एक तास वीस मिनिटं, त्यातही प्रत्यक्ष हवेत तासभरच. पण तिकीट हातात आलं की डोकं गरगरतं. जाताना सकाळी 10 ला सुटून 12:20 ला पोहोच, आणि येताना दुपारी 4 ला सुटून 4:20 ला लिस्बनमध्ये! आमच्यासोबतच्या काकांनी तर ‘छपाईची चूक’ म्हणून निकालच देऊन टाकला.

चूक वगैरे काही नाही. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात आणि पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे आहे. सूर्याच्या हिशेबाने दोन्ही शहरांत फरक फार तर बावीस मिनिटांचा. पण 1940 मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने तिथली घड्याळं तासभर पुढे केली, ती तशीच राहिली. माद्रिदकर दुपारचं जेवण दोन-तीनला का घेतात, याचं थोडं उत्तर इथे सापडतं.

म्हणून माझा सल्ला: दोन्ही शहरं करायची असतील तर आधी माद्रिद, मग लिस्बन. प्रवासाच्या दिवशी तास हातात पडतो. उलट क्रमाने जाणार असाल तर सकाळचंच विमान घ्या, नाहीतर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

रेल्वेचा मोह टाळा. ‘लुझितानिया’ ही रात्रीची थेट गाडी मार्च 2020 मध्ये बंद झाली. आता सीमेजवळच्या बादाहोस या स्पॅनिश शहरामार्गे गाड्या बदलत जायचं तर अख्खा दिवस मोडतो. बसला आठेक तास लागतात. विमानाने घरापासून हॉटेलपर्यंत धरले तरी पाच तासांत काम होतं.

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, मेट्रोची लाल लाईन थेट टर्मिनल 1 ला सोडते. स्वस्त कंपन्यांची बरीच विमानं मात्र टर्मिनल 2 वरून सुटतात. तिथे फुकट शटल बसने जावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा. माद्रिदला मेट्रोच्या तिकिटावर विमानतळाचे 3 युरो जादा पडतात. जड बॅगा असतील तर 5 युरोची पिवळी एक्सप्रेस बस बरी, दिवसा थेट आतोचा स्टेशनपर्यंत नेते.

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसात सीमेवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, त्यामुळे इमिग्रेशनची रांग नाही. तरी पासपोर्ट बॅगेच्या तळाशी कोंबू नका, विमानात चढताना विचारतात.

आणि लिस्बनला उतरताना उजवीकडची खिडकी घ्या. उत्तरेचा वारा असेल तर विमान तेजू नदी ओलांडून शहरावरून येतं, आणि बायशा या मध्यवर्ती जुन्या भागाची लाल कौलं खाली दिसतात.